उंदीर चिचुंद्रीचा नव्हे, आपला भाऊबंद

धानाच्या कट्ट्यांमागे रात्री जी खुडबुड चालते ती करणारे प्राणी दोन असतात, पण घरातली बहुतेक माणसे दोघांनाही उंदीरच समजतात. उंदीर कट्टा कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवणे त्याला भाग असते. चिचुंद्री धानाच्या वाटेला फारशी जात नाही. तिच्या लांब नाकाखाली बारीक टोकदार दातांची रांग असते आणि तिचा डोळा झुरळांवर असतो. पिलांना घेऊन निघाली की पहिले पिलू आईच्या शेपटीचे मूळ तोंडात धरते, दुसरे पहिल्याचे, आणि भिंतीच्या कडेने सगळे कुटुंब एकदमच वळते. उंदराची पिले असे करताना दिसत नाहीत.

वंशाच्या हिशेबाने पाहिले तर उंदीर चिचुंद्रीपेक्षा माणसाला जवळचा आहे. उंदीर, खार, ससा, माकड आणि आपण एका फांदीवर आहोत. चिचुंद्री, वटवाघूळ, गाय, घोडा, वाघ आणि देवमासा दुसऱ्या फांदीवर. आधी या दोन फांद्या वेगळ्या झाल्या आणि त्यानंतर कधीतरी, साधारण आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या फांदीत उंदराची आणि आपली वाट निराळी झाली. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, आणि मग एखादी मुलगी विचारते, ‘सर, हे ठरवलं कोणी?’ या प्रश्नाला आपल्या शिक्षणात पुरेशी जागा नाही, ही माझी तक्रार आहे.

फार काळ हे रूपावरून ठरवले जात होते. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९४५ मध्ये सस्तन प्राण्यांचे जे वर्गीकरण मांडले, त्यावर पुढच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, आणि त्यात चिचुंद्री, आफ्रिकेतली सोनेरी चिचुंद्री (गोल्डन मोल) व मादागास्करचा टेनरेक नावाचा छोटा प्राणी हे सारे कीटकभक्षक म्हणून एकाच गणात होते. जनुके वाचता येऊ लागली तेव्हा हे घर फुटले. टेनरेक आणि सोनेरी चिचुंद्री थेट हत्तीच्या गोतात निघाले, आणि १९९८ मध्ये या गोताला आफ्रोथेरिया हे नाव मिळाले. २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्ती आमच्या गडचिरोलीत उतरू लागले आहेत, त्यामुळे हत्ती आता आमच्याकडे केवळ कमलापूरच्या कॅम्पात पाहायचा प्राणी राहिलेला नाही. हत्तिणीचे स्तन गायीसारखे मागच्या पायांत नसतात, ते पुढच्या दोन पायांमध्ये असतात. समुद्रात राहणाऱ्या मॅनेटीचेही पुढच्या वल्ह्यांच्या बगलेत असतात. जंगलात त्याच्या शेजारी चरणाऱ्या गव्यापेक्षा ही मॅनेटी हत्तीला कितीतरी जवळची आहे. खवल्या मांजराचीही गोष्ट अशीच: दात नाहीत आणि मुंग्या खातो, एवढ्यावरून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊंच्या पंगतीला बसवले गेले होते, प्रत्यक्षात तो ताडोब्याच्या वाघाच्या बाजूचा निघाला. एकसारखे पोट भरणारे प्राणी एकसारखे दिसू लागतात, त्यामुळे साम्य हा पुरावा धरताना फार जपावे लागते.

मग भरवशाचा पुरावा कोणता? आमच्या गावात हे समजावायला मला जात पडताळणीच्या वंशावळीइतके सोपे उदाहरण सापडलेले नाही. पणजोबाच्या नोंदीत कोतवालाने आडनावातले एक अक्षर चुकवलेले असते. मग ती चूक आजोबाच्या दाखल-खारीजमध्ये उतरते, तिथून वडिलांच्या टीसीवर आणि शेवटी नातवाच्या अर्जावर. बरोबर लिहिलेले आडनाव गावात पन्नास घरांचे असू शकते, त्यावरून कोण कोणाचा हे सिद्ध होत नाही. तीच विचित्र चूक दोन घरांच्या कागदांत सापडली, की मात्र दोघांचा पणजोबा एक असावा असा संशय बळावतो.

जनुकसंचातही अशा चुका असतात. ‘साइन’ नावाचे डीएनएचे छोटे तुकडे स्वतःची नक्कल करून भलत्याच ठिकाणी घुसतात आणि एकदा घुसले की सहसा जसेच्या तसे बाहेर पडत नाहीत. दोन प्राण्यांत तोच तुकडा नेमक्या त्याच जागी स्वतंत्रपणे जाऊन बसणे जवळपास अशक्य. जपानचे नोरिहिरो ओकादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये असे काही तुकडे देवमासा, पाणघोडा आणि गायीसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांत एकाच जागी दाखवले, जे डुकरात आणि उंटात नव्हते. दोन वर्षांनी देवमासा आणि पाणघोडा या दोघांपुरतेच असलेले तुकडेही त्यांनी पुढे आणले. म्हणजे गायीला डुकरापेक्षा देवमासा जवळचा, आणि पाणघोड्याला तर सर्वांत जवळचा.

हाडांच्या अभ्यासकांना हे पटायला वेळ लागला, आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण त्यांनी हाडेच मागितली आणि २००१ मध्ये ती मिळाली. बोकडाच्या पायाचे हाड रस्सा संपल्यावर धुऊन हातात घ्यावे: घोट्याच्या त्या आखूड हाडाला वरच्या आणि खालच्या, दोन्ही टोकांना गुळगुळीत खाच असते. ही दुहेरी खाच गाय, हरीण, डुक्कर, उंट या समखुरी प्राण्यांची खूण आहे, आणि पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्यात ती जशीच्या तशी होती. त्यानंतर २००७ मध्ये इंडोहायस या प्राचीन प्राण्याचा अभ्यास आला. त्याचे अवशेष असलेले जम्मूतल्या कालाकोटचे दगड भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा करून ठेवले होते. त्यातल्या मांजराएवढ्या खुरवाल्या प्राण्याच्या कानाचे हाड देवमाशासारखे एका बाजूने जाड निघाले.

आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला, त्या पार्श्वभूमीवर आपला धडा टिकून आहे याचे मला समाधान वाटते. परंतु त्यातला प्लॅटिपस हा अंडी घालणारा सस्तन, सरपटणारे प्राणी आणि सस्तन यांना ‘जोडणारा दुवा’ म्हणून पाठ होतो आणि मुलांच्या डोक्यात एक शिडी उभी राहते: सरड्यानंतर प्लॅटिपस, मग माकड, मग आपण. प्लॅटिपस आपला पूर्वज नाही. त्याची फांदी फार लवकर फुटली आणि आपल्याइतकीच वर्षे स्वतःच्या वाटेने बदलत आली आहे. अंडी घालण्याची जुनी रीत तिने सोडली नाही, इतकेच. शिडी एकदा मनात बसली की ‘मग आजची माकडे माणसे का होत नाहीत’ हा प्रश्न येणारच, आणि तो विचारणाऱ्या मुलाचा त्यात काही दोष नसतो.

या वंशवृक्षात जे अजून ठरलेले नाही तेही मुलांना सांगायला हवे. वार (आईच्या पोटात गर्भाला पोसणारा अवयव) असलेल्या सस्तनांत सर्वांत आधी हत्तीचे गोत वेगळे झाले, की अमेरिकेतल्या स्लॉथ-आर्माडिलोंचे, की ती दोन्ही मिळून, यावर एकमत नाही. घोडा गायीच्या जवळचा की वाघाच्या, हेही नीट सुटलेले नाही. २०१३ मध्ये ८६ प्राण्यांची साडेचार हजारांहून अधिक लक्षणे तपासणाऱ्या गटाने सांगितले की वार असलेले आजचे सस्तन डायनासोर संपल्यानंतरच फुटले. जनुकांचे हिशेब मात्र ही फूट डायनासोरांच्या काळातच नेतात.

आणि सस्तनांचे खूप जुने पुरावे आमच्याच नदीकाठच्या खडकांतले आहेत. सिरोंच्याजवळ प्राणहितेकाठी असलेल्या कोटा गावावरून ज्या ज्युरासिक खडकांना नाव पडले, त्यांतल्या दातावरून पी. एम. दत्ता यांनी १९८१ मध्ये कोटाथेरियम हाल्डेनी या आद्य सस्तनाचे वर्णन केले. याची एक चौकट पुस्तकात सहज मावेल. परीक्षेतही ‘दुवा ओळखा’ याऐवजी ‘गाय, डुक्कर आणि देवमासा यांपैकी एकमेकांना सर्वांत जवळचे दोन कोण, आणि कशावरून’ असा तीन गुणांचा प्रश्न टाकावा, त्यातले दोन गुण ‘कशावरून’ला ठेवावेत.