बोटाला शाई न लागू देता लोकशाही कशी वाचवावी

सगळ्यात आधी, सोसायटीत कोणतं घर कोणाचं, हे पाठ करून टाका. घर म्हणजे पक्ष. त्याला एक्झिट पोल लागत नाही. दाराशी पडणारा पेपर, गाडीच्या काचेवरचं स्टिकर आणि आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत माणूस कोणाला टाळून उभा राहतो, एवढ्यावर भागतं. तळमजल्यावरच्या आजी तेवढ्या हाती लागत नाहीत. त्या सगळ्या पक्षांच्या हळदीकुंकवाला जातात आणि सगळ्यांचं वाण घरी आणतात. सहा स्टीलचे डबे झालेत, एकाही डब्यावरून अंदाज येत नाही.

मग स्वतःचं मत ठरवा आणि ते जाज्वल्य असू द्या. निवडणुकीच्या मोसमात एकदा तरी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडलाच पाहिजे. सोडताना ‘माझा कोणावर व्यक्तिगत राग नाही’ असं लिहायचं. दोन दिवसांनी टँकर कधी येणार ते कळेनासं झालं की सेक्रेटरींना सांगून परत आत यायचं. स्वतः सेक्रेटरी मात्र होऊ नका. वार्षिक सभेला कोरम भरत नाही, अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच नऊ जणांत वडे खाऊन ठराव पास होतात. तिथे तुमच्या विचारसरणीला वाव नाही.

यादीत नाव आहे का, हे आधी बघू नये. बीएलओ बाई, म्हणजे मतदार यादीच्या कामाला घरोघरी फिरणाऱ्या सरकारी बाई, दारात आल्या की जाळीच्या दाराआडूनच ‘काही नको’ म्हणावं. हातात कागद असलेली बाई काहीतरी विकायलाच आलेली असते. पुढे नाव नाही सापडलं की ‘आमची नावं मुद्दाम कापतात’ म्हणायला मोकळे. घर बदलल्यावर फॉर्म 8 भरायचा असतो, हे कोणी सांगितलं तर विषय बदला.

आता मुख्य दिवस. 20 मे 2024 ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं आणि वार होता सोमवार. शनिवार, रविवार, सोमवार! लोणावळ्याची इतकी सोय आयोगाने क्वचितच केली असेल. विधानसभेला त्यांनी शहाणपणा करून 20 नोव्हेंबरचा बुधवार काढला. घाबरू नका, पुढचे दोन दिवस रजा टाकली की सलग पाच होतात. काही मोठ्या सोसायट्यांच्या आवारातच त्यांनी मतदान केंद्र आणून ठेवलं, तो मात्र जरा अतिरेक झाला. घरच्या कपड्यांत खाली उतरून देश घडवायचा म्हणजे काय!

तरीही कोणी टोकलं, तर ‘एका मताने काय होतंय’ हे हुकमी वाक्य आहेच. फक्त ते मुंबई उत्तर-पश्चिममध्ये, म्हणजे जोगेश्वरी-अंधेरी-गोरेगावच्या बाजूला, हळू आवाजात म्हणा. तिथे 2024 ला रवींद्र वायकरांना 4,52,644 मतं पडली आणि अमोल कीर्तिकरांना 4,52,596. फरक 48 चा. मतदान यंत्रांच्या मोजणीत तर कीर्तिकर चक्क एका मताने पुढे होते, टपाली मतांनी पारडं फिरलं. (दोन्हीकडे शिवसेनाच, त्यामुळे आपल्या ग्रुपवर नेमकं कोणाला शिव्या द्यायच्या यावर दोन दिवस एकमत होईना.) आपल्या बी विंगला सात मजले, मजल्यावर चार घरं. घरटी दोन मतं धरली तरी 56 होतात. हा हिशोब सोसायटीत करू नका, उगाच लोकांची झोप उडते.

सोमवारी रात्री चिक्कीचे बॉक्स घेऊन परत या. गेट उघडणाऱ्या वॉचमनच्या नखावर काळपट रेघ दिसेल. त्याचं गाव राजापूरकडे. तिथलं मतदान 7 मे ला होतं आणि तो त्यासाठी दोन दिवस गेला, तेव्हा गाड्या कोण पुसणार यावर तुम्हीच ग्रुपवर चर्चा उघडली होती. त्याला खिडकीची काच खाली करून विचारा, “काय, कोण येतंय?” कोकणचा माणूस, त्याला राजकारण कळतं.

तो हसेल, नक्की काही सांगणार नाही. म्हणेल, “साहेब, मतदानाची चिठ्ठी द्यायला पोरगा आलेला, तुमच्या कडीला लावून गेलाय.”

ती फेकू नका. मागची बाजू कोरी असते, दुधाच्या खाड्यांना बरी पडते.