आई गाडीत बसली की फ्यूज उडतो

सात आठवडे, चार गॅरेज आणि साडेसहा हजार रुपये. एवढे सगळे एका फ्यूजपायी गेले, आणि त्यातला एक रुपयासुद्धा दोष शोधण्यावर खर्च झाला नाही, ही गोष्ट आठवली की माझा संताप पुन्हा पहिल्या दिवसासारखा ताजा होतो.

माझी गाडी १९९८ सालची मारुती ८०० आहे. या गाडीचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले, त्यामुळे परभणीत कोणत्याही गॅरेजसमोर ती उभी केली की बॉनेट उघडण्याआधीच "साहेब, जुनी झाली, विकून टाका" हे वाक्य कानावर पडते. गाडी जुनी आहे हे माझ्या आरसी बुकावर लिहिलेले आहे. ते वाचून घेण्यासाठी मी गॅरेजमध्ये जात नाही.

तक्रार अगदी साधी होती. रात्री दिवे लावले की काही वेळाने मागचे लाल दिवे आणि मीटरचे दिवे एकदम जायचे, पुढचे मोठे दिवे मात्र चालू राहायचे. फ्यूज बदलला की सगळे ठीक, आणि पुन्हा एखाद्या रात्री तेच. ऊसतोडीच्या दिवसांत गंगाखेडच्या रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला यातली भीती वेगळी सांगायला नको. मागे एकही दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांना आपण जन्मभर शिव्या द्यायच्या आणि शेवटी आपणच तशी बिनदिव्याची ट्रॉली होऊन रस्त्यावर चालायचे!

पहिल्या कारागिराने मागचे दोन्ही होल्डर आणि बल्ब बदलले : सातशे रुपये. दुसऱ्याने स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे दिवे लावायची दांडी, बदलला : चौदाशे. जाताना त्याने १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी ३० अँपिअरचा हिरवा बसवला आणि "आता नाही उडणार" असे अभिमानाने सांगितले. तिसऱ्याने कहर केला. त्याने बॅटरी बदलायला लावली. बॅटरीचा आणि फ्यूज उडण्याचा संबंध काय, असे विचारले तर "करंट कुठून तरी जायलाय, मालक" एवढेच उत्तर मिळाले. अहो, करंट कुठून तरी जातोय हे मलाही दिसत होते, कुठून जातोय ते पाहण्यासाठीच तर गाडी आणली होती! बॅटरीचे अडतीसशे आणि मजुरीचे सहाशे मोजून घरी आलो. फ्यूजपेटीत त्याने काय करून ठेवले आहे, ते मला चार दिवसांनी समजले.

जनाबाईचे दर्शन घेऊन आईला गंगाखेडहून परत आणत होतो. अंधार पडला म्हणून दिवे लावले आणि दहा मिनिटांत मागून आई म्हणाली, "काहीतरी जळायलंय रे." स्टिअरिंगखालून धूर येत होता. दिवे बंद केले, गाडी कडेला घेतली आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढून टाकला. मोबाइलच्या उजेडात पाहिले, तर फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे चार पदर पीळ देऊन बसवलेले होते आणि पेटीचा कोपरा मेणासारखा वितळला होता.

फ्यूज हा बल्ब वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने ऑटो इलेक्ट्रिशियनची पाटी कोणत्या अधिकाराने लावावी? मागचा एक बल्ब ५ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर अर्धा अँपिअरही घेत नाही. त्या वाटेवर १५ अँपिअरचा फ्यूज उडतो, याचा अर्थ वीज बल्बपर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी सरळ गाडीच्या लोखंडी बॉडीला मिळते आहे, म्हणजे शॉर्ट होते आहे. फ्यूज ओरडून तेच सांगत असतो, आणि आपले कारागीर त्याचे म्हणणे ऐकण्याऐवजी त्याच्या तोंडात तार कोंबतात. मग फ्यूज वितळायचा थांबतो आणि पेट्रोलच्या गाडीतली वायर वितळायला लागते.

चौथ्याने गाडीला हातही न लावता "पूर्ण वायरिंग टाका, बारा हजार" असे सांगितले. तिथून मी गाडी परत आणली.

चारही जणांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती : आई मागे बसलेली असेल तेव्हाच फ्यूज उडतो. चारही जण हसले होते. एकाने तर "आजीचं वजन लई दिसतंय" असा विनोदही केला. भर दुपारी, रिकाम्या गाडीत दिवे लावून बघायचे, सगळे चालू आहे म्हणून मान डोलवायची आणि एखादा नवीन भाग बसवून मोकळे व्हायचे, एवढीच पहिल्या तिघांची तपासणी.

रविवारी मी जुना २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि त्यांची टोके फ्यूजच्या जागी बसवली. मागचे बल्ब काढून ठेवले आणि दिव्यांचे बटण दाबले. अशा जोडणीत तो बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही, त्यामुळे वायर जळण्याची भीती नसते. वाट ठीक असेल तर तो नुसता मिणमिणतो आणि शॉर्ट झाला की भक्कन पेटतो. मग आईला म्हटले, तू बस. आईने डाव्या बाजूच्या मागच्या दारातून पाय आत ठेवला आणि बल्ब लख्ख पेटला. उतर म्हटले, मिणमिणला. पुन्हा बस म्हटले, पुन्हा पेटला. सत्तरीची बाई चार वेळा चढली-उतरली आणि शेवटी म्हणाली, "माझ्या वजनाचा काय तमाशा लावलास?"

दोष वजनात नव्हता, पाय पडत होता त्या जागेत होता. दाराच्या उंबऱ्यावर प्लास्टिकची पट्टी असते आणि तिच्याखालून मागच्या दिव्यांची वायरिंग जाते. पट्टी हाताने दाबली तरी बल्ब पेटत होता. तिचा मधला स्क्रू उलटा फिरवायला घेतला, तर तो संपेचना. अखेर दीड इंचाचा, चक्क सुताराचा लाकडी स्क्रू हातात आला. त्याच्या टोकाला वायरच्या वेष्टनाचा हिरवा चुरा चिकटला होता आणि आट्यांमध्ये तांबे चमकत होते. पट्टीवर पाय पडला की तोच वायरीला बॉडीशी जोडत होता.

वायर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली : वीस रुपये. चार महिन्यांपूर्वी ज्या दुकानात खाली मॅटिंग टाकून घेतले होते, तिथे तो स्क्रू घेऊन गेलो आणि काउंटरवर आपटला. पट्ट्या काढून पुन्हा बसवण्याचे काम त्यांच्याच पोराने केले होते. त्याने स्क्रू हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, "छोटा हरवला होता, मालक, म्हणून मोठा लावला. चांगला घट्ट बसला होता की."