"नस दबली की ऑपरेशनच" म्हणे!

कंबरेच्या गादीबद्दल (दोन मणक्यांमधली चकती) परत तोच मेसेज फिरतोय: "एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली म्हणजे नस दबली, सरकलेली गादी आपोआप जागेवर जात नाही, महिनाभर पडून राहा, फिजिओ म्हणजे पैसे उकळायचा धंदा, व्यायाम केलात तर पाय लुळा पडेल, शेवटी ऑपरेशनच." मी स्वतः फिजिओ आहे, त्यामुळे माझा स्वार्थ धरूनच वाचा.

एमआरआयचं आधी. ज्यांची कंबर दुखतच नाही अशा लोकांचे स्कॅन बघितले तरी विशीतल्या साधारण 30% आणि ऐंशीच्या घरातल्या 84% लोकांची गादी फुगलेली दिसते, 2015 च्या मोठ्या आढाव्यातले आकडे आहेत हे. म्हणून नुसता रिपोर्ट बघून काही ठरत नाही, पाय सरळ उचलून बघायचा, पायाच्या अंगठ्याची ताकद, घोट्याचा रिफ्लेक्स (ठोकल्यावर पाऊल आपोआप हलतं का), बधिरपणा नक्की कुठे, आणि हे सगळं रिपोर्टशी जुळतंय का ते बघायचं.

गादी जागेवर जात नाही हे खरंय, पण बऱ्याचदा बाहेर आलेला भाग शरीरच हळूहळू खाऊन टाकतं, आणि गंमत म्हणजे पूर्ण तुटून सुटलेला तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. (म्हणजे झटका देऊन गादी "बसवणारे" पण गेले!)

पडून राहायचं म्हणाल तर नेदरलँड्समध्ये 1999 ला 183 पेशंटवर करून बघितलंय, 12 आठवड्यांनी झोपवलेले आणि हिंडते-फिरते, दोन्हीकडे 87% लोकांना बरं वाटत होतं. मग कशाला झोपायचं?

आता ऑपरेशन. तिथलाच 2007 चा अभ्यास, 283 पेशंट, दीड ते तीन महिने पायात जोरदार कळ असलेले. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, हे मान्यच करायला पाहिजे, पण वर्षाने दोन्ही गटांत 95% लोक बरे झालेले. लगेच ऑपरेशन न करता वाट बघणाऱ्या गटातल्या 39% ना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, तेही लपवत नाही, पण बाकीच्यांचं त्याशिवाय भागलं ना.

"पैसे उकळायचा धंदा" हे मात्र मला अर्धं पटतं. रोज जाऊन शेक, मशीन, वजन लावणं आणि वर पट्टा, एवढंच चालू असेल तर बंद करा, ब्रिटनच्या 2016 च्या गाईडलाईनमध्ये ट्रॅक्शन (म्हणजे तेच वजन लावणं), अल्ट्रासाऊंड मशीनचे उपचार, पट्टे देऊच नका असं लिहिलंय. खरं काम तुम्हालाच करायचं असतं, रोज झेपेल तेवढं चालणं, आणि कुणाला पालथं झोपून कोपरांवर उठल्यावर आराम पडतो तर कुणाला पुढे वाकून, ते तपासूनच ठरतं. कळ पोटरीतून वर सरकून कुल्ल्यात-कंबरेत आली तर चांगलं लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, पण उलटी खाली पावलाकडे जायला लागली की तो व्यायाम थांबवायचा.

राहिला लुळेपणा. ताकद जाते ती नसेवर जास्त दाब आल्याने, चालल्याने नाही. पण लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर पडली, पाऊल उचलता येईना, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. तेव्हा माझ्याकडे आलात तर मी रिक्षात बसवून तिकडेच पाठवणार.