माध्यम मुलांना निवडू द्या

आज एका शाळेच्या कलाप्रदर्शनातून परतल्यापासून मन अस्वस्थ आहे आणि इथे लिहिल्याशिवाय ते शांत होणार नाही. माझी भाची नववीत आहे. भाऊ-वहिनी निफाड तालुक्यात कांदा पिकवतात आणि ती शिक्षणासाठी आमच्याकडे नाशिकला राहते. प्रदर्शनासाठी तिने गोणपाटावर कोळशाने आईचा चेहरा काढला होता. पार्श्वभूमीचा तपकिरी-पिवळा रंग तिने कांद्याची टरफले उकळून, त्यात तुरटी घालून तयार केला. पदराच्या जागी लाल जाळीच्या गोणीचा तुकडा शिवला आणि कपाळावरच्या आठ्यांसाठी बाजार समितीत मिळालेल्या पट्ट्यांचे, म्हणजे हमाली-तोलाई वजा जाता हाती किती उरले ते सांगणाऱ्या कागदांचे, अरुंद काप चिकटवले.

परीक्षकांनी ते चित्रकला विभागातून उचलून ‘टाकाऊपासून टिकाऊ’च्या टेबलावर, बाटल्यांच्या फुलदाण्यांशेजारी ठेवायला लावले. कारण एकच, रंगवलेले चित्र नाही.

त्या पट्ट्या टाकाऊ आहेत, असे कोणत्या तोंडाने म्हणता येते? वर्षभराच्या कष्टांचा हिशोब त्यांवर लिहिलेला आहे, आणि तो आईच्या कपाळावरच असायला हवा हे चौदा वर्षांच्या मुलीला कोणीही न सांगता उमगले. पोस्टर कलरने काढलेल्या आठ्यांनी ते सांगितले असते का? तिला जे म्हणायचे होते त्यातले निम्मे त्या कागदातच होते. ते कोणी वाचलेच नाही.

आपल्याकडे नववी-दहावीतली चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा, एवढेच समीकरण उरले आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. मग इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला दहावीत ७ गुण, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. या परीक्षांमुळे हात वळतो, आणि त्या गुणांमुळेच पुष्कळ शाळांत चित्रकलेचा तास टिकून आहे, हे मान्य करते. पण ज्या वयात मूल घरात मोकळेपणाने बोलेनासे होते, नेमक्या त्याच वयात त्याच्यापुढे घागर आणि दोन फळे मांडून छायाप्रकाशाचे गुण मोजायचे आणि स्वतःचे काही मांडायला एकही तास ठेवायचा नाही, हे मला पटत नाही. कोणाला मातीत बोलता येते, कोणाला मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांत, कोणाला लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, कोरलेल्या ठशात. हे त्याला स्वतः हाताळून पाहिल्याशिवाय कळणार कसे?

याच कार्यक्रमात व्यासपीठावरून दादासाहेब फाळक्यांचे नाव अभिमानाने घेतले गेले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकला, बडोद्याच्या कलाभवनात गेला, छायाचित्रण केले, छपाईच्या व्यवसायात उतरला, जादूचे प्रयोगही केले, आणि हे सगळे हाताखालून गेल्यावर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी गोणपाटावरच्या चेहऱ्यापुढे मिनिटभर तरी थांबायला हवे होते. त्याच शाळेच्या आवारभिंतीवर वारली चित्रे आहेत. वारली बायकांनी पांढरा रंग घरच्या तांदळाच्या पिठापासून केला, त्याला आपण परंपरा म्हणून मान देतो. मग माझ्या भाचीने घरच्या कांद्याच्या टरफलांपासून रंग केला, तर तो चित्रकलेत का बसू नये?

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा ओसरला आहे. परीक्षक वाईट नाहीत. सकाळपासून शेकडो चित्रे पाहून कोणीही थकेल. फुलदाण्या करणाऱ्या मुलांनाही मी कमी लेखत नाही. आणि तिच्या कलाशिक्षिकांचे नाव न घेता आभार मानते, कारण “तुला कशाने काढावेसे वाटते?” हा प्रश्न तिला पहिल्यांदा त्यांनीच विचारला. भाचीने मात्र घरी आल्यावर, “आत्या, पुढच्या वेळी ऑइल पेस्टल आणू या का?” असे विचारले, आणि तेच मला सर्वांत जास्त लागले.

माझ्या यादीत बरेच कलाशिक्षक आहेत आणि शाळांच्या समित्यांवर काम करणारेही आहेत. पुढच्या प्रदर्शनात माध्यमाची अट नसलेला एक विभाग ठेवा, आणि परीक्षणाआधी प्रत्येक मुलाला आपल्या कामाविषयी दोन वाक्ये बोलू द्या. महिन्यातून एक तास माध्यम निवडण्यासाठी मोकळा सोडायला जी शाळा तयार असेल, तिला शाडू, कोळसा, लिनोचे तुकडे आणि जुनी गोणपाटे मी स्वखर्चाने पोहोचवीन. इनबॉक्समध्ये कळवा.