तिसऱ्याने बसायचं कुठे?

जून आला की बडोद्यात आमच्याकडे तेच नाटक. लेकाच्या वर्गात यंदा ५८ पोरं. दोघांच्या बाकावर तिघं; मधल्याने लिहायला घेतलं की कडेचा अर्धा बाहेर. आमचा कडेचा. वहीत अक्षरं ओळ सोडून घसरलेली, आणि खाली लाल शेरा: ‘अक्षर सुधारा.’ अहो बाई, आधी कोपर टेकायला जागा द्या!

शाळेच्या ऑफिसात विचारलं तर, ‘थोडुं अ‍ॅडजस्ट करी लो ने, भाई.’ २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय. ते काय सुविचार म्हणून फळ्यावर लिहायला?

शहराच्या कडेला भायलीकडे टॉवरवर टॉवर उभे राहिले. तिथे राहायला आलेल्यांना पोरं होणार, ती सहा वर्षांनी पहिलीत जाणार, हे कळायला ज्योतिषी लागतो? पार्किंग मोजतात, बाक कोणी मोजत नाही. आणि हे सयाजीरावांच्या गावात, ज्यांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं! तेव्हा पोर शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड व्हायचा. आम्ही भरमसाट फी भरून धाडतोय, तर बसायलाच जागा नाही.

काल म्हणे ५९वा आला. त्याला बाईंच्या टेबलाला टेकून बसवलंय, डस्टरशेजारी.