देवा, जरा थांब, टायमर लावतो

सावकाश व्हा, देवाचा आवाज ऐका, तुमचा ध्यास कशात आहे ते आपोआप उमगेल, असं सांगणारे लोक डोळे मिटून गप्प बसायच्या मधल्या वीस मिनिटांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. माझा सगळा राग त्या वीस मिनिटांवर आहे.

डोळे मिटले की पहिली दोन मिनिटं बरी जातात. तिसऱ्या मिनिटाला नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. पाचव्याला गॅस बंद केला का, ही शंका. सातव्याला कधीकाळी कुणी मारलेल्या टोमण्याचं चोख उत्तर सुचतं, आणि ते इतकं झकास असतं की देवानेच सुचवलं असावं असं वाटून जातं. दहाव्याला डावा पाय बधिर. आणि बाराव्याला, आपण किती शांत झालोय हे चारचौघांत कसं सांगायचं, याची जुळवाजुळव सुरू होते. हा शेवटचा विचार सर्वांत लबाड, कारण तो सोवळं नेसून येतो.

यावर उतारे आहेत, पण त्यांत दैवी असं काही नाही. मांडी जमत नसेल तर खुर्ची घ्या. पाठ ताठ, तळवे जमिनीला टेकलेले. बधिर पाय म्हणजे साधना नव्हे, नस दबलेली असते. पलंगावर बसूच नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसता उपडा घालून भागत नाही, कारण त्याच्याखाली काय चाललं असेल याचीच उत्सुकता जास्त. टायमर मात्र हवा, तोही पाठमोरा. नाहीतर दर दीड मिनिटाला एक डोळा किलकिला होतो. वीस मिनिटांचा हट्ट सोडा, आठपासून सुरुवात करा. शेजारी कागद-पेन्सिल ठेवा आणि गॅस, बिल, राहिलेला फोन, जे आठवेल ते एका शब्दात टिपून टाका. विसरू या धास्तीने मन तेच तेच पुढे करत राहतं. कागदावर उतरलं की बऱ्यापैकी गप्प बसतं.

आणि झोप आलीच तर खुशाल झोपा. बायबलमधला संदेष्टा एलीया जीव वाचवायला रानात पळाला आणि आता मरण दे म्हणाला, तेव्हा देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, दूताकरवी उठवून खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं. मगच 40 दिवसांची पायपीट आणि होरेब डोंगर. तिथे आधी सुसाट वारा, मग भूकंप, मग अग्नी, आणि देव त्यांतल्या कशातच नाही! शेवटी आला तो अगदी मंद आवाज. त्याने विचारलं काय, तर तू इथे काय करतोयस. हे डोंगरावर पोहोचल्यावर एकदा विचारून झालंच होतं.

तो आवाज ओळखण्यात भलेभले चुकतात. बायबलमधल्याच छोट्या शमुवेलाला रात्री हाक आली, तर तो तीनही वेळा उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावला. एलीने दोनदा त्याला परत झोपायला पाठवलं, तिसऱ्यांदा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की ही हाक देवाची आहे. असा एखादा एली प्रत्येकाला हवा: आपल्या साक्षात्काराने भारावून न जाता ‘जा, झोप’ म्हणणारा. घाई करणारा, गोंजारणारा आवाज बहुतेक वेळा आपलाच असतो.

ध्यासाचं म्हणाल, तर मला सर्वांत कामाची वाटते ती इग्नेशियस लोयोलाची, म्हणजे जेझुइट हा ख्रिस्ती संघ स्थापणाऱ्या संताची युक्ती. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडल्यापडल्या त्याने सरदारांच्या शौर्यकथा मागितल्या. घरात होती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. मग तो आलटून पालटून दिवास्वप्नं बघू लागला: कधी पराक्रम गाजवून एका स्त्रीचं मन जिंकण्याची, कधी संतांसारखं जगण्याची. रंगात असताना दोन्ही गोड. पण पहिली ओसरली की मन कोरडं पडायचं, दुसरीनंतर आनंद टिकून राहायचा. त्याने हा फरक पकडला.

आपणही पकडू शकतो, त्यासाठी पाय मोडायची गरज नाही. वहीत दोन रकाने आखा: टिकलं आणि विरलं. पाच मिनिटं पुरतात, पण लिहायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री लिहिलं तर कुणी केलेलं कौतुक हमखास ‘टिकलं’मध्ये घुसतं, सकाळपर्यंत त्याची वाफ झालेली असते. ‘संगीत’, ‘समाजसेवा’ असली भारदस्त नामं लिहू नका, त्यांतून काहीच कळत नाही. ‘नव्या मुलीला हिशेबाची वही समजावली, जेवणाची वेळ टळली तरी कळलं नाही’ असं लिहा. महिनाभराने क्रियापदांखाली रेघा मारा. समजावणं, जुळवणं, दुरुस्त करणं, आवरणं, यांतलं एखादं पुन्हा पुन्हा आलेलं दिसेल. तुम्हाला विश्वविजयाची अपेक्षा होती आणि निघालं ‘आवरणं’, याचं वाईट वाटून घेऊ नका.

राजीनाम्याचा मसुदा मात्र तूर्त खणात राहू द्या. आधी आठवड्याचे दोन तास त्या क्रियापदाला द्या, तेही गाजावाजा न करता. दोन-तीन महिने कुणाच्या शाबासकीशिवाय ते चालू राहिलं, तर घरच्यांशी बोला. त्यांना हे बहुधा आधीपासून माहीत असतं, आणि ‘हे तर आम्ही कधीचं सांगतोय’ असं ते सुनावतातही, तेवढी तयारी ठेवा.