नळाचा खड्डा

आमच्या गल्लीत सकाळी कुणी भेटलं की "चहा झाला का" असं विचारत नाहीत. "नळ उना का?" असं विचारतात. तापीकाठचं तालुक्याचं गाव. पावसाळ्यात हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांतून पाणी धो धो वाहून जातं आणि आमचा नळ पाचव्या दिवशी. यावर मोर्चे निघाले, रिकामे हंडे वाजले, निवडणुका लढवून झाल्या. पाणी कधी येणार आणि किती वेळ, यावर सगळे बोलतात. कसं येतं यावर फार तर "गढूळ शे" म्हणायचं आणि तुरटी फिरवायची.

श्रावणात आमच्या ओळीतल्या तीन घरांत एकदमच जुलाब सुरू झाले. आमच्या धाकटीला दोन दिवस सलाईन लावावं लागलं. सगळा आळ पाणीपुरीवाल्यावर. शेवटी आशाताईंकडून ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली मागून आणली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, जितकं गडद तितकं जास्त. टाकीजवळच्या नळाचं पाणी चांगलं पिवळं झालं. आमच्या गल्लीच्या टोकाला रंगच नाही! नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, असं मानक सांगतं.

वाटेत जातं कुठे ते? थोडं गढूळपणा खातो. बाकीचं उत्तर माझ्या दारातच होतं. धार मिळावी म्हणून आम्ही सगळ्यांनी नळ खाली घेतलेत, गटारीला लागून दोन फुटांचा खड्डा करून. एरवी त्यात काळं पाणी साचलेलं असतं. पुरवठा बंद झाला की पाइपातलं पाणी उताराकडे ओढलं जातं आणि बुडालेल्या तोटीतून खड्ड्यातली घाण आत जाते. वरून आमच्या टिल्लू मोटारी. लाइनला कुठे भेग असली तर तिथूनही गटार ओढून आणतात. नगरपालिकेला शिव्या घालण्यात मी सगळ्यांच्या पुढे, पण खड्डा मीच मजूर लावून खणून घेतलाय.

म्हणून नगरपालिका सुटत नाही. गळती महिनोन्महिने तशीच असते आणि क्लोरीन तपासलंच तर टाकीपाशी. अरे, टाकीतून पितो कोण? वॉलमन नळाची वेळ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतोच, त्याच मेसेजात शेवटच्या नळाचं क्लोरीनही टाकावं. एवढं मागणं आहे.

"आम्ही जार घेतो" म्हणणाऱ्यांसाठी: गार आहे म्हणजे शुद्ध आहे असं नाही. जार कधी, कशाने धुतला, विचारून बघा. आणि फिल्टर विकणारा जो टीडीएसचा पेन बुडवतो ना, तो फक्त क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत.

रविवारी मी खड्डा बुजवला, नळ वर घेतला. धार करंगळीएवढी झालीय. हंडा भरायला दुप्पट वेळ लागतो, त्यावरून घरात ऐकून घेतोय. काल नळाचा दिवस. पहिल्या दोन बादल्या ओट्यावर ओतल्या आणि मग नळी भरली. शेजारच्या काकू त्यांच्या खड्ड्यात वाकून हंडा लावत होत्या. तिथूनच ओरडल्या, "पिवळं झायं का रे भाऊ?"

झालं होतं, फिकट. ०.१ च्या रंगापाशी थांबलं.